कुठे अडलं

निमंत्रणपत्रिका छापून आल्या त्या दिवशी आमच्या यादीत नोंदी होत्या त्रेसष्ट आणि पत्रिकेवर आकडा होता शंभर.

गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून दादासाहेब हसूरकर समोरच्या खुर्चीत बसले. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणून त्यांचं ते बाविसावं वर्ष होतं आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एकही पुस्तक घरी नेलं नव्हतं, त्यामुळे माझं त्यांच्याशी कधी वाजलं नाही. मी एक पत्रिका काढून वाचली. कृत्रिम बुद्धिमत्ता शिकण्यासाठी निवडक शंभर साधनांची मराठी ऑनलाइन सूची, लोकार्पण ग्रंथपाल दिनी, १२ ऑगस्ट २०१८. मी म्हटलं, दादा, शंभर नाहीत, त्रेसष्ट आहेत.

"त्रेसष्ट कसं दिसतंय ते," दादासाहेब म्हणाले. "शंभर म्हटलं की भरल्यागत वाटतंय. पंधरा दिवस हाईत की अजून. घाला सदतीस."

सदतीस खुर्च्या मांडायला सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि चहा घेऊन गेले.

यादी मूळ सन्मतीची. सन्मती मगदूम आमच्याच गावचा, लहानपणापासूनचा आमचा सभासद. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होता. वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून नोकरी सोडून घरी आला आणि दुपारी वेळ जाईना म्हणून वाचनालयात येऊन बसू लागला. यंत्राला उदाहरणांवरून शिकवायची ही जी नवी विद्या आहे, ती शिकायला नेटवर फुकट साहित्य ढिगानं पडलंय, पण आपल्याकडच्या पोरांना त्यातलं कुठलं धरावं आणि कुठलं सोडावं हे सांगणारं कुणी नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मी म्हटलं, निवड करून नोंद ठेवणं हे तर माझंच काम. तू साहित्य सांग, नोंदी मी ठेवते. मी बी.ए. मराठी, वर ग्रंथालयशास्त्राचा डिप्लोमा. त्या विद्येतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण रकाने मला कळत होते.

रकाने पाच. साधनाचं नाव, कशासाठी, पूर्ण कुणी केलं, किती दिवस लागले, आणि शेवटचा, कुठे अडलं. पहिल्या चारांत विशेष काही नव्हतं. पाचवा रकाना सन्मतीला आमच्याच वाचकांनी सुचवला होता. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं शेरे मारायची खोड आमच्या गावाला फार जुनी आहे. 'एकशे बारा पानापर्यंत दम धरा, पुढं बरं आहे.' 'मधली तीन प्रकरणं सोडली तरी चालतील.' मी तीस वर्षं खोडरबर घेऊन हे शेरे पुसत आले. सन्मती म्हणाला, "मॅडम, तुमच्या कपाटावरच्या यादीपेक्षा मी त्या पेन्सिलीवर जास्त भरवसा ठेवायचो. त्या माणसानं पुस्तक खरंच वाचलेलं असायचं."

म्हणून त्याचा एकच नियम होता. जे आपल्यापैकी कुणी शेवटपर्यंत केलेलं नाही, ते यादीत नाही. आणि अडला असाल तर कुठं अडला ते लिहायचं, लाजायचं नाही. त्रेसष्टमधल्या चाळीसएक नोंदी त्याच्या होत्या, बाकीच्या त्याच्या पुण्यातल्या दोन मित्रांच्या. एका ठिकाणी त्यानं स्वतःबद्दल लिहिलं होतं, 'तिसऱ्या धड्यात अकरा दिवस अडलो, रडायचाच बाकी होतो.' यादी बघायला येणारे लोक तो रकाना आधी वाचत.

पत्रिका आल्या तेव्हा सन्मती वडिलांना घेऊन कोल्हापूरला दवाखान्यात होता. त्यांना पुन्हा झटका आला होता. अशा माणसाला फोन करून सदतीस कुठून आणू असं विचारणं मला बरं वाटलं नाही. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं आणि पुढं पुष्कळ दिवस देत राहिले. खरं म्हणजे तो नको म्हणेल हे मला ठाऊक होतं.

चार दुपारी बसून मी नेटवरून सदतीस नावं गोळा केली. जी अवघड दिसली ती पंचवीस सन्मतीच्या नावावर टाकली. ज्यांच्या नावात 'ओळख', 'पहिली पावलं', 'सर्वांसाठी' असं काही होतं, ती बारा मी माझ्या नावावर घेतली. किती दिवस लागले, तिथं कुठं दोन आठवडे, कुठं तीन, असे बेताबेतानं घातले. राहिला पाचवा रकाना. तो मोकळा ठेवायला माझा हात तयार होईना. अनुदानाची तपासणी करायला येणारे साहेब मोकळा रकाना दिसला की पेन उघडतात, त्यामुळे आमच्या धंद्यात रकाना मोकळा ठेवायचा नसतो. काही नसेल तर 'निरंक' लिहायचं. मी सदतीस वेळा निरंक लिहिलं. कुठे अडलं? निरंक. म्हणजे कुठंच नाही.

सन्मती लोकार्पणाच्या आदल्या दिवशी परतला. पडद्यावर यादी वरून खाली सरकवत गेला, चौसष्टला थांबला, मग भरभर शंभरपर्यंत गेला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. नुसतं एवढंच म्हणाला की उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग ही सदतीस काढून टाकू. मी हो म्हटलं, आणि तेव्हा मला तसं मनापासून वाटतही होतं.

कार्यक्रम झाला. पेपरात फोटो आला, खाली शंभरचा आकडा आला. जिल्ह्याच्या ग्रंथालयांच्या बैठकीत माझं नाव घेऊन टाळ्या वाजल्या, सन्मानपत्र मिळालं. पुढच्या महिन्यात काढू, असं आम्ही ऑगस्टात म्हटलं आणि सप्टेंबरातही म्हटलं.

सप्टेंबरच्या शेवटी शबाना नाईकवडी आली. ती शाळेत असल्यापासूनची माझी वाचक. एम.एस्सी. गणित, पहिला वर्ग. नऊ वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होती आणि पटसंख्या घसरल्यामुळे ती शाळा मार्चनंतर बंद होणार होती. तिनं पेपरातलं एक कात्रण माझ्यासमोर ठेवलं. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका कारखान्यात ओतीव भागांतले दोष कॅमेऱ्यानं ओळखायचा नवा विभाग निघत होता. तीन जागा. पात्रता गणिताची पदवी आणि यंत्रशिक्षणाची तोंडओळख. लेखी परीक्षा १६ डिसेंबरला. वयाची अट पस्तीस होती आणि तिला चौतिसावं चालू होतं.

"हेच एक दार आहे बघा मॅडम," ती म्हणाली. "आमचे इम्तियाज म्हणालेत, लागलं तर कोल्हापूरला खोली करू. नाही लागलं तर मग घरी दहावीच्या शिकवण्या."

मी तिला यादी उघडून दिली आणि माझ्या जागेवर येऊन बसले. बराच वेळ ती एकेक नोंद वाचत होती. परीक्षेचा सगळा भाग आठ धड्यांत आटोपणारं एकच साधन तिला सापडलं. क्रमांक एकाहत्तर. माझ्या खुर्चीवरून मला पडदा दिसत होता. पूर्ण केलं, शैलजा तोडकर, म्हणजे मी. कालावधी, तीन आठवडे. कुठे अडलं, निरंक.

तिनं वळून विचारलं, हे तुम्ही केलंय का. मी हो म्हटलं. तिनं पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मग हेच करते.

घरी नेट नव्हतं, नवऱ्याचा जुना लॅपटॉप होता. मी तिला वाचनालयाचा पेनड्राइव्ह दिला. दर शनिवारी ती येई, पुढच्या धड्याचे व्हिडिओ भरून घेई, आणि झालेला धडा दोन वाक्यांत मला सांगे. मी मान डोलवायची. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. दिवाळीच्या आधी पाच धडे झाले आणि मला वाटू लागलं की एकाहत्तर क्रमांक खरोखरच चांगला निघाला. मी तो उगाच निवडला नव्हता, असंसुद्धा मला वाटलं. माणूस काय काय वाटून घेतो.

मग दोन शनिवार ती आलीच नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर एका दुपारी आली. वर्तमानपत्रांच्या टेबलावर दोन पेन्शनर डुलक्या घेत होते, बाकी कुणी नव्हतं. तिनं दोनशे पानी वही काउंटरवर ठेवली.

"मॅडम, सहावा धडा. घरांच्या किमतींचं उदाहरण आहे ते. त्यांनी दिलेली फाइल घेऊन गणित करायचं असतं. शेवटी त्यांचं उत्तर शून्य पूर्णांक त्र्याऐंशी येतंय. माझं एकसष्टच येतंय."

तिनं वही उघडली. आधी लॅपटॉपवर केलेलं होतं, मग विश्वास बसेना म्हणून हातानं. ओळीनं आकडेमोड, पानामागून पान, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात क्रमांक. एकोणीस वेळा केलं होतं. एकोणीस वेळा एकसष्ट.

"तुमचं किती आलं होतं?" तिनं विचारलं.

हाच तो क्षण. मी तो पुढं कितीदा तरी उलटून पालटून पाहिला आहे. मला एक वाक्य बोलायचं होतं, की शबाना, मी हे केलेलं नाही. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. पेन्शनर झोपले होते. ती रागावली असती, कदाचित नसतीही. सन्मतीला बोलावलं असतं तर तो दहा मिनिटांत आला असता. पण माझ्या मागच्या भिंतीवर जिल्ह्यानं दिलेलं सन्मानपत्र लावलेलं होतं, आणि तीस वर्षं या गावात माझ्या अक्षरात लिहिलेली नोंद कुणी तपासून पाहिली नव्हती.

"पडद्यावर आहे तेच आलं होतं," मी म्हणाले. "कुठंतरी बारीक चूक होत असेल. शांतपणे परत एकदा कर."

उशिरा पुस्तक आणणाऱ्याशी ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात बोलले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वही मिटली.

"म्हणजे चूक माझीच," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं नव्हे, सरावाचा भाग असतो. ती म्हणाली, नाही, बरोबर आहे तुमचं. आणि गेली.

त्यानंतर ती आली ती एकदम १८ डिसेंबरला, पेनड्राइव्ह परत करायला. मी परीक्षा कशी गेली असं विचारलं. गेले नाही, असं ती साधेपणानं म्हणाली. सहाव्या धड्यात अडणाऱ्या बाईनं तिथं जाऊन काय करायचं. रजिस्टरला जमेची सही केली, तारीख घातली आणि पायऱ्या उतरली.

त्याच संध्याकाळी मी सन्मतीला बोलावलं आणि एकाहत्तर क्रमांकाचा सहावा धडा बघ म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. त्यानं धडा उघडला, पण व्हिडिओ लावलाच नाही. सरळ खाली, शिकणाऱ्यांनी लिहिलेल्या सूचनांत गेला. तिथं शे-दीडशे माणसं होती, जगभरची, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच. मूळ फाइल कधीतरी बदलली गेली होती, व्हिडिओ मात्र जुनाच राहिला होता. आता त्र्याऐंशी कुणाचंच येत नव्हतं. नव्या फाइलवर बरोबर उत्तर एकसष्ट. खुद्द त्या शिक्षकानंच खाली तसं लिहून माफी मागितली होती. शबानाच्या पेनड्राइव्हवर फक्त व्हिडिओ आणि फाइल गेली होती. खालचा मजकूर तिच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता.

"कुणी विचारत होतं का हे?" सन्मतीनं विचारलं.

मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"तिचं बरोबर होतं मॅडम," तो म्हणाला. "एकोणीस वेळा बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सदतीस नोंदी रद्द केल्या. दादासाहेब चार दिवस फुरंगटून बसले आणि मग विसरले. शबानाला मी काही सांगितलं नाही. परीक्षा होऊन गेली, आता सांगून तिला त्रासच व्हायचा, असं मी सन्मतीला म्हणाले. पुढं वडील गेल्यावर तो पुण्याला परत गेला. यादीत भर घालत राहिला, पण फोन कमी झाले. मला लाज वाटत होती हे खरं, पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. बाजारात भाजीच्या रांगेत शबाना दिसली की मी कांदे-बटाट्याच्या बाजूला वळायची. साडेपाच वर्षं मी पालेभाजी दुपारी उशिरा, शिळी झाल्यावर घेतली.

२०२४च्या मे महिन्यात निवृत्त झाले. नव्या ग्रंथपालबाईंना कपाटं, किल्ल्या, रजिस्टरं सगळं मोजून ताब्यात दिलं. शेवटी ऑनलाइन यादी. त्या फार नेटक्या बाई. आमच्यात रद्द झालेला क्रमांक दुसऱ्या कशाला देत नाहीत, तो तसाच ठेवून पुढं शेऱ्याच्या जादा रकान्यात कारण लिहायचं असतं. त्यांनी विचारलं की मॅडम, चौसष्ट ते शंभर सगळे रद्द दिसतात, पण शेऱ्याचा रकाना मोकळा आहे. कारण काय लिहू?

मी म्हटलं, सांगते नंतर. आणि दुसऱ्या दिवशी शबानाकडे गेले.

दारावर गणिताच्या शिकवणीची पाटी होती. तिचे केस बरेच पिकले होते. तिनं मला आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं, निवृत्तीबद्दल चौकशी केली. मी तांब्या खाली ठेवून सांगायला सुरुवात केली. फाइल बदलली होती. सगळ्यांचंच एकसष्ट येत होतं. तुझं उत्तर बरोबर होतं.

ती उठली, आतून वही घेऊन आली आणि मांडीवर ठेवली. उघडली नाही. मला वाटलं ती परीक्षेबद्दल बोलेल, त्या तीन जागांबद्दल बोलेल.

"मग तुमचं त्र्याऐंशी कसं आलं?" तिनं विचारलं.

"मी तो धडा कधी उघडलाच नव्हता," मी म्हणाले. "माझ्या नावावरच्या बारा अभ्यासक्रमांपैकी एकही उघडला नव्हता."

ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. वर्गात फळ्याकडे बघत बोलावं तसं ती त्या वहीकडे बघत बोलली.

"उत्तर चुकतंय याचं मला काही नव्हतं मॅडम. गणितात उत्तरं चुकतात, सापडतात. पण तुम्ही बी.ए. मराठी. मी एम.एस्सी. गणित. तुम्हाला तीन आठवड्यांत आलं, कुठं अडलंसुद्धा नाही, आणि मला एकोणीस वेळा करून येईना. त्या दिवशी तुमच्या पायऱ्या उतरताना मी ठरवलं की आपल्याला गणित येतंय हा आपला गैरसमज होता."

मी माफ कर म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं. मग विचारलं की ती यादी अजून आहे का. मी म्हटलं, आहे. आणि एकाहत्तर? रद्द आहे, मी म्हणाले. तो अभ्यासक्रम मात्र नेटवर आहे, फाइलसुद्धा तीच.

"सातवा आणि आठवा राहिलाय माझा," ती म्हणाली. "शिकवण्या जूनपर्यंत बंदच आहेत."

ती मला दारापर्यंत सोडायला आली, पण पुन्हा या असं म्हणाली नाही.

तीन आठवड्यांनी फोनवर तिचा निरोप आला. वर नाव नाही, नमस्कार नाही, नुसती नोंद. मी वाचनालयात जाऊन नव्या बाईंच्या शेजारी बसले आणि रद्दचा शिक्का काढून ती माझ्या हातानं चढवली.

'क्रमांक ७१. पूर्ण केलं : शबाना नाईकवडी. कालावधी : साडेपाच वर्षं. कुठे अडलं : सहाव्या धड्यात, तोडकर मॅडमना विचारल्यावर.'

नव्या बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं की एवढं शेवटचं राहू द्यायचं का. मी म्हटलं, राहू द्या. मग बाकीच्या छत्तीस क्रमांकांपुढं, शेऱ्याच्या रकान्यात, मी कारण लिहायला घेतलं.